श्रवणाचा तास परीक्षेत घालवू नका : इंग्रजीच्या शिक्षकांना आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणारे शिक्षक, अभ्यासक्रम आखणारी मंडळे आणि श्रवणाच्या प्रश्नपत्रिका काढणारे परीक्षक

सप्रेम नमस्कार.

इंग्रजी ऐकण्याच्या तासाला काय होतं ते आपण सगळेच जाणतो. शिक्षक दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग लावतात. ते दोनदा वाजतं. विद्यार्थी आठ प्रश्नांची उत्तरं लिहितात. शिक्षक बरोबर उत्तरं सांगतात, मुलं गुण मोजतात आणि तास संपतो. ज्याला आठपैकी सात मिळाले त्याला आधीपासूनच ऐकू येत होतं. ज्याला तीन मिळाले त्याला आपल्याला तीनच मिळाले एवढं कळलं. उरलेल्या पाच जागी कान नेमका कुठे फसला आणि का, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. पुढच्या आठवड्यात नवं रेकॉर्डिंग येतं आणि तो पुन्हा त्याच प्रकारच्या जागी अडखळतो.

या तासात विद्यार्थी तपासला गेला, शिकवला गेला नाही. आमची मागणी एकच आहे : उत्तर चुकलं की तिथून तास सुरू करा. चाळीस मिनिटांतली निदान पंचवीस मिनिटं त्या चुकलेल्या चार-पाच सेकंदांना द्या.

चुकलेल्या विद्यार्थ्याला बहुतेक वेळा 'पुन्हा ऐक, नीट लक्ष दे' असं सांगितलं जातं. त्याचं लक्ष होतंच. लक्ष देऊनही जे ओळखता आलं नाही ते दहा वेळा ऐकवलं तरी तसंच ऐकू येतं. आणि उत्तर बरोबर आलं म्हणजे ऐकू आलं, असंही मानता येत नाही. 'गाडी किती वाजता सुटते?' असा प्रश्न असेल आणि अख्ख्या संभाषणात वेळेचा उल्लेख एकदाच येत असेल, तर 'नाइन फिफ्टीन' एवढे दोन शब्द पकडणाऱ्यालाही पूर्ण गुण मिळतात. बाकीचं संभाषण त्याच्या डोक्यावरून गेलं, हे कागदावर दिसत नाही. ब्रिटिश भाषाशिक्षणतज्ज्ञ जॉन फील्ड यांनी प्रश्नोत्तरांवर उभ्या असलेल्या या पद्धतीवर हाच आक्षेप वारंवार घेतला आहे.

मग कान फसतो कुठे? एक वाक्य जवळून पाहू. 'आय शुड हॅव टोल्ड हिम अबाउट इट.' लिहिलेले शब्द सात. सहज बोलताना ते साधारण 'आय शुडव टोल्डिम बाउडिट' असं येतं. 'हॅव'मधला 'ह' गेला, 'ॲ' हा स्वर पुसट झाला आणि उरलेला 'अव' मागच्या 'शुड'ला चिकटला. 'हिम'चाही 'ह' गेला आणि 'टोल्ड'मधल्या 'ड'ने 'इम'ला ओढून घेतलं. 'अबाउट'मधला पहिला 'अ' जवळजवळ गिळला गेला. त्याच शब्दातला शेवटचा 'ट' दोन स्वरांच्या मध्ये सापडला, म्हणून अमेरिकन बोलण्यात तो हलका 'ड' झाला. हाच 'ट' अनेक ब्रिटिश वक्ते घशात अडवतात, तेव्हा तिथे क्षणभर आवाज तुटल्यासारखं वाटतं. हे वाक्य ऐकून विद्यार्थी 'शुड ऑफ' लिहितो, किंवा 'टोल्डिम' हा आपल्याला माहीत नसलेला एखादा शब्द असावा असं समजून पुढचं सगळं सोडून देतो. आता तेच वाक्य त्याला फळ्यावर लिहून दाखवा. एकही शब्द नवा नसतो. शब्दसंग्रह ठीक, व्याकरण ठीक, लक्षही ठीक. त्याच्या मनात त्या शब्दांचं जे ध्वनिरूप साठवलेलं आहे ते मात्र एकेकट्या, सावकाश उच्चारलेल्या शब्दाचं आहे, आणि वाहत्या बोलण्यात ते रूप क्वचितच भेटतं.

हे बोलणाऱ्याच्या आळसामुळे होत नाही, ही भाषेची घडणच आहे. इंग्रजीत वाक्यातल्या काही सिलॅबलांवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्यांवर, जोर पडतो आणि मधली आकसतात. नाम, मुख्य क्रियापद, विशेषण यांना जोर मिळतो. आर्टिकल, प्रिपोझिशन, सर्वनाम, साहाय्यक क्रियापद बहुधा दबतात. अशा सुमारे चाळीस छोट्या शब्दांना दोन-दोन उच्चार आहेत, एक ठळक आणि एक दबलेला. 'टू'चा 'ट', 'फॉर'चा 'फ' किंवा 'फर', 'अँड'चा नुसता 'न्', 'ऑफ'चा 'अव' आणि कधी केवळ 'अ', 'वॉज'चा 'वज', 'देम'चा 'अम'. दबलेल्या जागी येणारा हा पुसट स्वर म्हणजे श्वा. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारा स्वर तोच, आणि त्याला स्वतःचं अक्षर नाही. मराठीत स्वर सहसा आपला रंग सोडत नाही. 'आ' दबला तरी 'आ'च राहतो. त्यामुळे मराठी कानाला स्पष्ट स्वराची सवय असते आणि 'कन' ऐकलं की तो 'कॅन'च आहे हे त्याला आपोआप सुचत नाही. ते शिकवावं लागतं. हे चाळीस शब्द, आठवड्याला चार या हिशेबाने, दहा आठवड्यांत होतात. मात्र ते सुटे शिकवू नका. प्रत्येक शब्द वाक्यात, दबलेल्या रूपात ऐकवा आणि म्हणून घ्या.

जोराचा आणखी एक मोठा उपयोग आहे, आणि वर्गात तो फारसा केला जात नाही. अॅन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांनी 1987 साली दाखवून दिलं की नैसर्गिक इंग्रजी बोलण्यातल्या आशयाच्या, म्हणजे नाम, क्रियापद, विशेषण अशा शब्दांपैकी सुमारे 90 टक्के शब्द जोराच्या सिलॅबलने सुरू होतात. मातृभाषा इंग्रजी असलेल्या माणसाचा कान म्हणूनच जोराचं सिलॅबल आलं की 'इथे नवा शब्द' असं धरून चालतो. आपल्या विद्यार्थ्यालाही हे तंत्र देता येतं. रेकॉर्डिंगचं एक वाक्य लावा. पेन खाली. प्रत्येक जोराला बोटाने बाकावर टकटक करायची, बस. दुसऱ्यांदा फक्त जोराचे शब्द लिहायचे. वरच्या वाक्यातून 'शुड', 'टोल्ड', 'बाउट' एवढाच सांगाडा हाती येईल. मग मधल्या जागा भरायच्या : 'शुड'नंतर क्रियापदाचं भूतकाळी रूप आलं आहे, तर मध्ये 'हॅव' असणारच. इथे व्याकरण कानाच्या मदतीला धावतं, आणि व्याकरणाचा असा उपयोग पाहिला की मुलं ते वेगळ्याच नजरेने शिकतात.

ध्वनी बदलण्याचे बाकीचे प्रकार थोडक्यात सांगतो. शब्दाच्या शेवटी व्यंजन आणि पुढच्या शब्दाच्या सुरुवातीला स्वर आला की दोन्ही जुळतात : 'टर्न इट ऑफ'चं 'टर्नि टॉफ' होतं. तीन व्यंजनं एकत्र आली की मधला 'ट' किंवा 'ड' गळतो : 'नेक्स्ट डे'चं 'नेक्स डे', 'लास्ट वीक'चं 'लास वीक'. शेजारच्या ध्वनीमुळे ध्वनी बदलतो : 'टेन पीपल'चं 'टेम पीपल', 'गुड बॉय'चं 'गुब बॉय', 'डिड यू'चं 'डिजू', 'डोन्ट यू'चं 'डोन्चू'. हे चार-पाच नियम एवढे नियमित आहेत की ते व्याकरणासारखे शिकवता येतात. तरीही पाठ्यपुस्तकात ते बहुधा उच्चाराच्या धड्यात, बोलण्यासाठी म्हणून येतात. विद्यार्थ्याने स्वतः 'डिजू' म्हणायलाच हवं असं नाही. समोरचा तसं म्हणाला तर ते ओळखता आलंच पाहिजे. म्हणून हा भाग श्रवणाच्या धड्यात हलवा.

दोन जागा अशा आहेत जिथे चुकीचं ऐकलं तर अर्थ उलटा होतो, आणि त्यांच्यावर वेगळा वेळ द्यावाच लागतो. पहिली, 'कॅन' आणि 'कान्ट'. विद्यार्थी शेवटचा 'ट' ऐकू येतो का याची वाट पाहत बसतो. पुढे व्यंजन आलं की तो 'ट' बहुधा ऐकूच येत नाही. भरवसा स्वरावर ठेवायचा. होकारात 'कॅन' दबतो आणि 'कन' होतो, जोर पुढच्या क्रियापदावर जातो : 'आय कन गो'. नकारात त्या शब्दावरच जोर येतो आणि स्वर पूर्ण, ठळक राहतो. अमेरिकनांत 'कॅन्(ट)', ब्रिटिशांत 'कान्(ट)'. फक्त वाक्याच्या शेवटी, 'येस, आय कॅन'सारख्या ठिकाणी, होकारातला 'कॅन'ही ठळक येतो. हे एवढं कळल्यावर पंधरा-वीस वाक्यांचा सराव करून घेतला की विद्यार्थ्याच्या उत्तरांत लगेच फरक दिसतो.

दुसरी, 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी'. आकडा सुटा आला तर '-टीन'वर जोर असतो आणि तो लांबतो. '-टी'च्या आकड्यांत जोर पहिल्या सिलॅबलवर. पण पुढे नाम आलं की 'थर्टीन पीपल'मध्ये जोर मागे सरकतो आणि नुसत्या जोरावर विसंबणारा विद्यार्थी फसतो. तेव्हा 'ट' पाहायचा : 'थर्टीन'मधला 'ट' कडक राहतो, 'थर्टी'तला अमेरिकन तोंडात 'ड'कडे झुकतो. शेवटचा 'न'ही असतो, पण पुढच्या 'प'मुळे त्याचा 'म' होतो. एवढं करूनही शंका राहिली तर विचारायचं, 'वन थ्री ऑर थ्री झिरो?' हा प्रश्न विचारायला शिकवणं हाही श्रवणाचाच भाग आहे.

आता तास कसा घ्यायचा ते सांगतो. रेकॉर्डिंग पंचवीस-तीस सेकंदांचं घ्या, साठ ते ऐंशी शब्दांचं. दोन-तीन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधला तेवढाच तुकडा कापला तरी चालेल. कोण कुणाशी आणि कशाबद्दल बोलतंय हे एका वाक्यात सांगा, कारण खऱ्या आयुष्यात ते आपल्याला माहीत असतंच. पहिल्यांदा ऐकताना हातात पेन नको. मग सहा-आठ शब्दांनंतर थांबत पुन्हा लावा आणि प्रत्येक शब्द लिहायला सांगा. जिथे शब्द कळला नाही तिथे जागा कोरी सोडायची नाही. जे कानावर पडलं ते देवनागरीत जसंच्या तसं लिहायचं. हे महत्त्वाचं आहे. रोमन लिपीत लिहायला गेलं की मूल ओळखीच्या स्पेलिंगकडे झुकतं आणि कानाने काय ऐकलं ते हरवतं. 'शुडव' असं कागदावर उतरलं तर कान बरोबर होता, ओळख पटली नाही, हे शिक्षकाला एका नजरेत कळतं. प्रत्येक तुकडा तीनदा, त्याहून जास्त नाही. मग तीन मिनिटं शेजाऱ्याशी कागद ताडून पाहायचा. इथवर पंधरा मिनिटं होतात.

आणि आता संहिता, म्हणजे रेकॉर्डिंगमधलं बोलणं जसंच्या तसं लिहिलेला कागद, हातात द्या. प्रत्येक चुकलेल्या जागेवर चारपैकी एक खूण करायची. 'श' म्हणजे शब्दच माहीत नव्हता. 'ध' म्हणजे माहीत होता, पण ध्वनीवरून ओळखला नाही. 'ज' म्हणजे शब्द कुठे संपला आणि कुठे सुरू झाला यात घोटाळा झाला. 'अ' म्हणजे सगळे शब्द मिळाले तरी अर्थ लागला नाही. चारही आजार वेगळे आहेत आणि औषधंही वेगळी. वर्गात हात वर करायला सांगून कुठल्या जागी कोणत्या खुणा जास्त आहेत ते फळ्यावर घ्या. बहुतेक वर्गांत 'ध' आणि 'ज' पुढे असतात, आणि शिक्षक मात्र सवयीने 'श'वर, म्हणजे नव्या शब्दांच्या अर्थांवर, वेळ घालवत असतात.

'ध' आणि 'ज' असलेली एखादी जागा निवडा. तो एक-दीड सेकंदाचा तुकडा पाच-सहा वेळा लावा. काय गळलं, काय जुळलं, काय दबलं ते नाव घेऊन सांगा. मग विद्यार्थ्यांना रेकॉर्डिंगबरोबर, त्याच वेगाने, त्याच लयीत म्हणायला लावा. त्यानंतर तोच बदल असलेली आणखी तीन-चार वाक्यं द्या. ही पायरी गाळली तर विद्यार्थी ते एक वाक्य शिकतो, नियम शिकत नाही. शेवटी पुस्तकं मिटून अख्खा तुकडा दोनदा ऐकवा. आधी खडखडाटासारखं वाटलेलं बोलणं आता सुटं-सुटं ऐकू येतं, आणि विद्यार्थ्याला आपली प्रगती कानाने कळते.

या पद्धतीत कुठे घसरण होते तेही सांगतो. तुकडा लांब घेतला की लेखनाचा कंटाळा येतो आणि चिकित्सेला वेळ उरत नाही. संहिता आधी दिली की डोळे ऐकायला लागतात आणि कान सुट्टीवर जातो. सर्वांत घातक सवय म्हणजे मुलांना कळलं नाही की शिक्षकाने तेच वाक्य स्वतः सावकाश, शब्द-शब्द तोडून म्हणून दाखवणं. त्यात प्रेम असतं, पण जी अडचण शिकवायची होती तीच त्यात पुसली जाते. रेकॉर्डिंगच पुन्हा लावा. आणखी एक : सुरुवातीलाच चुकीचा अंदाज बांधला की विद्यार्थी पुढे ऐकलेलं सगळं त्या अंदाजात बसवत जातो. म्हणून मधेच थांबून 'इथे दुसरं काय असू शकेल?' असं विचारत जा.

मोठ्या वर्गात शब्द-शब्द लिहून घेणं जड जात असेल तर रूथ वॅजनरिब यांनी 1990 साली मांडलेला डिक्टोग्लॉस वापरा. छोटा उतारा सामान्य वेगात दोनदा ऐकवायचा, मुलांनी फक्त महत्त्वाचे शब्द टिपायचे, मग चौघांच्या गटाने तो उतारा पुन्हा उभा करायचा आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहायचा. यात सर्वांत जास्त वाद नेमके त्या छोट्या, दबलेल्या शब्दांवरून होतात. तसे व्हायलाच हवेत.

वेग कमी करण्याबद्दल बराच गैरसमज आहे. स्टीव्ह टौरोझा आणि डेस्मंड ॲलिसन यांनी 1990 साली ब्रिटिश इंग्रजीचा वेग मोजला. मिनिटाला व्याख्यानात साधारण 140 शब्द, रेडिओवर 160, मुलाखतीत 190 आणि आपसातल्या गप्पांत 210. पाठ्यपुस्तकांची रेकॉर्डिंगं बहुधा व्याख्यानाच्याही खाली असतात, त्यामुळे विद्यार्थी गप्पांशी पहिल्यांदा भिडतो तो थेट खऱ्या माणसासमोर. 'व्हॉइस ऑफ अमेरिका'ने 1959 साली सावकाश वेगाचं आणि सुमारे 1500 शब्दांचं 'स्पेशल इंग्लिश' सुरू केलं. नवख्यांसाठी अशा कार्यक्रमांचा आधार चांगला आहे, पण तिथेच मुक्काम केला तर कान त्या वेगाशीच बांधला जातो. आणि नैसर्गिक बोलण्याचं रेकॉर्डिंग यंत्राने 0.75 वेगावर लावलं तर काय होतं? जो 'ह' बोलणाऱ्याने उच्चारलाच नाही तो सावकाश लावल्याने परत येत नाही. 'टोल्डिम' लांबट 'टोऽल्डिम' होतं, एवढंच. स्वर ताणले जातात, लय बिघडते.

विद्यार्थ्याला वेगापेक्षा सवड हवी असते. म्हणून वेग तसाच ठेवून वाक्यांशांच्या शेवटी दोन-तीन सेकंदांची शांतता घाला. 'ऑडॅसिटी' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुकड्याच्या शेवटी कर्सर ठेवून 'जनरेट'मधून 'सायलेन्स' निवडलं की झालं. दर आठवड्याला ही शांतता कमी करत जा. वेग कमी करणं भागच असेल तर त्याच सॉफ्टवेअरमधला 'चेंज टेम्पो' वापरा, त्याने आवाजाची पट्टी बदलत नाही. आणि वेग पंधरा टक्क्यांहून जास्त कमी करू नका.

रेकॉर्डिंग किती कठीण आहे हे आधी मोजता येतं. हिल्डे व्हॅन झीलँड आणि नॉर्बर्ट श्मिट यांच्या 2013 सालच्या अभ्यासानुसार साध्या कथनातले 95 टक्के शब्द माहीत असले तर बऱ्यापैकी समज येते, आणि तेवढ्यासाठी दोन ते तीन हजार शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक कुटुंब) पुरतात. संहितेतले सलग शंभर शब्द घ्या. पाचपेक्षा जास्त शब्द वर्गाला अपरिचित असतील तर ते रेकॉर्डिंग श्रवणासाठी नको, शब्दसंग्रहासाठी ठेवा. मात्र हे मोजताना शब्द वाचून ओळखतो की ऐकून, हे तपासा. नवा शब्द शिकवताना आधी दोनदा ऐकवा, मग म्हणून घ्या, स्पेलिंग शेवटी दाखवा. स्पेलिंग आधी दिसलं की विद्यार्थी मनात स्वतःचा उच्चार बनवतो आणि तो पुढे पुसता पुसत नाही.

सुट्या ध्वनींच्या जोड्यांनाही थोडा वेळ हवा, पण थोडाच. मराठी विद्यार्थ्याला 'बेड-बॅड', 'शिप-शीप', 'कोट-कॉट' यांतला फरक सरावाने कळतो. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' मात्र अवघड जातात, कारण 'व्हॅन' आणि 'व्हॉट' आपण एकाच 'व्ह'ने लिहितो आणि इंग्रजीत ते ध्वनी वेगळे आहेत : पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात नुसते ओठ गोल होतात. 'आइस' आणि 'आइज', 'सीट' आणि 'सीड' या जोड्यांत शेवटच्या व्यंजनाकडे पाहू नका, आधीच्या स्वराची लांबी ऐका. 'स' आणि 'ट'पूर्वी तो आखूड असतो. हा सराव एकाच आवाजात करू नका. लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी 1991 साली जपानी विद्यार्थ्यांना 'र' आणि 'ल' यांतला फरक अनेक वक्त्यांच्या आवाजांतून शिकवला, तेव्हा तो त्यांना नव्या शब्दांतही ओळखता आला. पाठ्यपुस्तकाच्या सगळ्या रेकॉर्डिंगना दोनच निवेदक वापरणाऱ्या मंडळांनी हे ध्यानात घ्यावं.

सबटायटलबद्दल शिक्षकांत दोन तट आहेत. होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन यांनी 2009 साली डच विद्यार्थ्यांना अपरिचित ऑस्ट्रेलियन आणि स्कॉटिश ढंगातल्या इंग्रजी चित्रफिती दाखवल्या. इंग्रजी सबटायटल असलेल्यांचा कान त्या ढंगाला लवकर सरावला. डच सबटायटल असलेल्यांना उलट तोटा झाला. म्हणजे सबटायटल चालतं, पण बोललेल्या भाषेचंच. घरच्या अभ्यासासाठी क्रम असा सांगा : आधी सबटायटलविना, मग इंग्रजी सबटायटलसह, मग पुन्हा त्याविना. तिसरी पायरी गाळली तर ते वाचनच झालं. यंत्राने आपोआप बनवलेली सबटायटलं नेमकी दबलेल्या शब्दांवर चुकतात, हेही सांगून ठेवा.

घरी रोज पंधरा मिनिटं वर सांगितलेला बारीक अभ्यास आणि अर्धा तास सोपं, भरपूर ऐकणं, एवढं पुरे. भरपूर ऐकताना एकच वक्ता, एकच विषय काही दिवस धरून ठेवणं चांगलं. त्या माणसाची लय आणि त्या विषयाचे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. बीबीसीच्या 'लर्निंग इंग्लिश'वर संहितेसह छोटे कार्यक्रम आहेत. 2005 साली सुरू झालेल्या 'लिब्रिव्हॉक्स' या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी वाचलेली, कॉपीराइट संपलेली पुस्तकं मोफत मिळतात, त्यामुळे मूळ मजकूरही हाताशी असतो. पण ते वाचन आहे, गप्पा नव्हेत. मुलाखती आणि संभाषणंही हवीतच. दुसरं काम करताना मागे काहीतरी इंग्रजी चालू ठेवणं याला अभ्यास म्हणू नका. कानावर पडलं आणि ऐकलं यांत फरक आहे.

वर्गखोलीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. गोंगाट आणि घुमणारा आवाज यांचा त्रास मातृभाषिकापेक्षा दुसऱ्या भाषेतल्या श्रोत्याला कितीतरी जास्त होतो, कारण हरवलेला ध्वनी अंदाजाने भरून काढण्याइतका त्याचा भाषेचा साठा नसतो. टेबलावर ठेवलेल्या मोबाइलचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर 'स', 'फ' यांसारखे बारीक ध्वनी आधी विरतात. स्पीकर मुलांच्या कानांच्या उंचीवर, खोलीच्या मध्याजवळ ठेवा. पंखे बंद करता आले तर करा. शेवटच्या बाकावर बसून स्वतः एकदा ऐकून पाहा. फोनवरच्या इंग्रजीचा सराव वेगळा द्या. साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढेच ध्वनी जातात, 'स' आणि 'फ' यांना वेगळं करणारा भाग बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून फोनवर 'एस' आणि 'एफ' ही अक्षरं जगभर सगळ्यांनाच सारखी वाटतात. 'एस फॉर शुगर' म्हणून खात्री करून घेणं शिकवा.

परीक्षकांना आमची विनंती थोडी वेगळी आहे. जोवर परीक्षेत फक्त पर्याय निवडायचे असतात, तोवर शिक्षकही तेवढंच करून घेणार. आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या श्रवणचाचणीत चार भाग आणि 40 प्रश्न असतात, रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, आणि लिहिलेल्या उत्तरातलं स्पेलिंग चुकलं तर गुण जातो. निवडीच्या परीक्षेत ते समजू शकतं. शाळेच्या परीक्षेत मात्र स्पेलिंगचे गुण श्रवणातून वेगळे काढा. प्रश्न रेकॉर्डिंगआधी वाचायला द्या, नाहीतर आपण स्मरणशक्ती मोजतो. आणि एकूण गुणांपैकी निदान एक पंचमांश गुण गाळलेल्या शब्दांच्या श्रुतलेखनाला ठेवा. नैसर्गिक वेगातली पाच-सहा वाक्यं द्यावीत, प्रत्येकात दोन जागा रिकाम्या, आणि त्या जागी 'हॅव', 'हिम', 'ॲट द', 'कॅन' यांसारखे दबलेले किंवा जुळलेले शब्द. तपासायला सोपं, अंदाजाने लिहायला कठीण, आणि परीक्षेत ते आलं की वर्गात आपोआप शिकवलं जाईल.

अभ्यासक्रम मंडळांकडून तीन गोष्टी हव्यात. प्रत्येक रेकॉर्डिंगची शब्दशः संहिता, अडखळणं-पुनरुक्तीसकट, शिक्षकपुस्तिकेत छापा. निम्मी रेकॉर्डिंगं तरी लिहून वाचलेली नसावीत, खऱ्या बोलण्याची असावीत. आणि रेकॉर्डिंग तुकड्या-तुकड्यांत, प्रत्येक वाक्याची वेगळी फाइल करून द्या, म्हणजे शिक्षकाला दीड सेकंदाची जागा शोधत तास घालवावा लागणार नाही.

शिक्षकमित्रांनो, मंडळं आणि परीक्षक बदलेपर्यंत थांबण्याचं कारण नाही. पुढच्या श्रवणतासाला नेहमीचंच रेकॉर्डिंग लावा, नेहमीचेच प्रश्न घ्या. फक्त सर्वांत जास्त मुलांचा जो प्रश्न चुकला असेल त्याच्या उत्तराचं वाक्य शोधा, ते देवनागरीत लिहून घ्या, आणि उरलेला तास त्या वाक्याला द्या. ते कागद जपून ठेवा. सहा आठवड्यांनी तेच वाक्य न सांगता पुन्हा ऐकवा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून विद्यार्थ्यालाच ताडून पाहू द्या.

आपले,
इंग्रजी श्रवण शिकवणारे काही सहकारी